नुआर ओळखावा कसा? नवी मुंबईकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका वाशी ते खारघर या पट्ट्यातल्या त्या नागरिकांसाठी आहे, ज्यांनी रात्री साडेअकरानंतर एखादा कृष्णधवल गुन्हेपट अर्धवट बघितला आहे आणि आता सोसायटीच्या फिल्म क्लबात त्यावर बोलायची ज्यांना हौस आली आहे. पूर्वज्ञानाची अट नाही. लांब कोट लागत नाही. इथल्या दमट हवेत तो घालून सानपाड्याच्या सबवेतून चाललात तर गूढ वाटण्याऐवजी घामोळं येईल. टोपी ऐच्छिक. सिगारेट सोसायटीच्या नियमावलीत बसत नाही, तेव्हा हातात पेन धरावं. कथानकं पुढे बिनदिक्कत फोडली आहेत, याची नोंद घ्यावी.

जमवाजमव

दोन सिनेमे लागतील, एक जुना आणि एक नवा. दोन्ही एकाच आठवड्यात बघा, म्हणजे जुन्याबद्दलचा आदर आणि नव्याबद्दलचा राग सारखेच ताजे राहतील.

नवशिका पहिला घोळ इथेच घालतो. जुना म्हणजे हॉलिवूडचाच असं धरून तो थेट बिली वाइल्डरच्या ‘डबल इन्डेम्निटी’वर (१९४४) उडी मारतो. सिनेमा थोर आहे, वाद नाही. विमा एजंट, दुसऱ्याची बायको, पॉलिसीची रक्कम आणि खून. आपल्याकडच्या विमा एजंटांनीही एकदा बघावा, धंद्यात इतकं काही घडू शकतं हे कळून त्यांना उभारी येईल. पण सुरुवात घरापासून करावी, आणि या बाबतीत घर म्हणजे पुणे.

१९३९ साली प्रभातने ‘माणूस’ काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. गणपत हा पोलीस शिपाई (शाहू मोडक) एका धाडीत मैनेला (शांता हुबळीकर) वाचवतो. मैना वेश्या आहे. वाचवल्याची किंमत मग दोघं सिनेमाभर मोजत राहतात. अखेर तिच्या हातून मामाचा खून होतो, गणपत तिला सोडवून न्यायला येतो आणि ती तुरुंग पत्करते. वर्दी, बदनाम बाई, रात्र, खून आणि सुटकेचं दार उघडं असताना त्यातून न जाणारं माणूस. अमेरिकेत ‘द माल्टीज फाल्कन’ यायला अजून दोन वर्षं होती.

क्लबात इथे एखादा हात वर होईल: शांतारामबापूंनी नुआर कुठला काढला, त्यांना ते नावही माहीत नव्हतं! शांतपणे सांगा की वाइल्डरलाही नव्हतं. फ्रेंच समीक्षक नीनो फ्रांकने ते छापलं १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर अडकून पडलेले अमेरिकी सिनेमे पॅरिसात एकदम उतरले तेव्हा. बारसं असं परक्या गावी आणि पोर चालायला लागल्यावर झालं.

वंशावळ विचारलीच, तर जर्मनीकडे बोट दाखवा. बर्लिनच्या स्टुडिओंत वाढलेली तिरकी सावली हिटलरपासून पळालेल्या मंडळींबरोबर हॉलिवूडला गेली, हे सगळे सांगतात. तिचा एक धागा मालाडला उतरला, हे कमी सांगतात. १९३४ साली उभ्या राहिलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये हिमांशू रायांनी म्युनिकचा कॅमेरामन योझेफ विर्शिंग आणला. ‘महल’ (१९४९) त्याच्याच नजरेने बघितलेला आहे. शांतारामबापू स्वतःही १९३३ मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीत राहून आले होते. आणि देव आनंद व गुरुदत्त यांची गाठ पडली ती प्रभातमध्ये. आपल्यापैकी एकाला संधी मिळाली तर त्याने दुसऱ्याला हात द्यायचा, असा त्यांचा करार होता म्हणतात. त्यातून ‘बाजी’ (१९५१) निघाला. सावली मालाडपर्यंत आली, पुण्यात मुरली. खाडी ओलांडून आपल्याकडे यायला तिला वेळ लागला, कारण आपल्याकडे तेव्हा भातशेती आणि मिठागरं होती.

सावली तपासणे

हा प्रयोग घरच्या घरी करता येतो. नुआरमधली सावली खिडकीच्या आडव्या पट्ट्यांची असते. ‘डबल इन्डेम्निटी’त फ्रेड मॅकमरे नुसता दारात उभा राहिला तरी गजाआड गेल्यासारखा दिसतो, आणि गुन्हा तर अजून व्हायचा असतो. आपल्याकडे पट्ट्या नाहीत, पण सिडकोच्या घरांना लोखंडी ग्रिल आहे. हॉलमधली ट्यूब बंद करा, रस्त्यावरचा दिवा आत येऊ द्या, भिंतीवर पडलेल्या ग्रिलच्या सावलीत उभे राहा आणि घरच्यांकडे न बघता सावकाश वळा. ग्रिलवर गोधडी वाळत असेल तर प्रयोग दुसऱ्या दिवशी करावा. खाली नवे पांढरे एलईडी लागले असतील तर करूच नये. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक जण संशयित वाटायचा. एलईडीखाली तो फक्त ऑफिसातून आलेला दिसतो.

आता थोडं गंभीर. व्ही. के. मूर्ती हे नाव पाठ करा. ‘बाजी’च्या वेळी ते कॅमेऱ्यावर सहायक होते. आरशातून सुरू होणारा एक अवघड शॉट त्यांनी सुचवला, स्वतः घेऊन दाखवला आणि ‘जाल’पासून गुरुदत्तने कॅमेरा त्यांच्याच हाती दिला. ‘कागज के फूल’मधला (१९५९) वरून उतरणारा तो प्रसिद्ध झोत दिव्याचा नाही, मोठ्या आरशांनी स्टुडिओत वळवलेल्या उन्हाचा आहे. नुआर म्हणजे अंधार, असं नवशिका वहीत लिहितो. मूर्तींचं काम बघितल्यावर खोडून लिहील, की उजेड कुठे पडू द्यायचा नाही ते ठरवणं म्हणजे नुआर. लाइटमन दिव्यापुढे कटर धरून उभा असतो तो याचसाठी.

नव्या गुन्हेपटात कटरवाल्याला फारसं काम नाही. ‘सत्या’ (१९९८) खऱ्या खोल्यांत आणि खऱ्या पावसात घेतला, कॅमेऱ्यावर जेरार्ड हूपर आणि मझहर कामरान. उघड्या बल्बखाली भिकू म्हात्रेचा संसारही चालतो आणि धंदाही. ‘अंधाधुन’मध्ये (२०१८) तर खून पुण्यात दिवसाढवळ्या, चांगल्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये होतो आणि साक्षीदार पियानो वाजवत बसलेला असतो.

बाई

जुन्या मुंबईपटात बायका दोन. एक क्लबात गाते, दुसरी डॉक्टर असते. ‘बाजी’त हे अक्षरशः खरं आहे: गीता बाली क्लबात, कल्पना कार्तिक दवाखान्यात. हॉलिवूडमधली अशी बाई नायकाला गोळी घालते. मुंबईतली त्याच्यावर झाडलेली गोळी स्वतः झेलते. ‘सी.आय.डी.’त (१९५६) वहीदा रेहमान हिंदी पडद्यावर पहिल्यांदा आली ती खलनायकाच्या गोटातली कामिनी म्हणून, आणि तीसुद्धा इन्स्पेक्टर शेखरला निसटायला मदतच करते. आपल्या घातकी बाईला घात करणं काही जमलं नाही.

ते जमवून दाखवलं तब्बूच्या सिमीने. ‘अंधाधुन’मध्ये ती खेकडे आणि माणसं सारख्याच शांतपणे हाताळते. खेकड्यांच्या बाबतीत दिवाळे गावातली कुठलीही कोळीणकाकू तिला भारी पडेल. माणसांच्या बाबतीत चाचणी घेतलेली नाही.

मधल्या काळातला नमुना हवा असेल तर राजा परांजपेंचा ‘पाठलाग’ (१९६४) बघा. मेलेल्या बायकोचा चेहरा घेऊन एक आरोपी बाई समोर उभी राहते आणि ‘मीच ती’ म्हणते. सगळा संशय एका चेहऱ्यावर, आणि तो चेहरा भावनाचा. जयंत देवकुळ्यांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा दोन वर्षांत हिंदीत ‘मेरा साया’ झाला. दिग्दर्शक राज खोसला, म्हणजे ‘सी.आय.डी.’वालेच. त्यांना आपलं सामान कुठे मिळतं ते बरोबर ठाऊक होतं.

खलनायक, म्हणजे मुख्य धडा

जुन्या मुंबई नुआरमध्ये खलनायक शोधायची हमखास युक्ती आहे. पहिल्या अर्ध्या तासात जो सगळ्यांत प्रतिष्ठित वाटेल, तो धरायचा. ‘बाजी’त अड्ड्याचा मालक अंधारात बसून हुकूम सोडतो. उजेड पडतो तेव्हा तो निघतो नायिकेचा बाप, के. एन. सिंग. ‘सी.आय.डी.’ सुरू होतो तो एका वृत्तपत्राच्या संपादकाच्या खुनाने, कारण शहरातल्या एका बड्या असामीचं बिंग तो फोडणार असतो. नाव छापून आलं की त्या माणसाचा खेळ खलास, असा तेव्हाच्या शहराचा भाबडा, पण खरा विश्वास होता. एवढी सावली लागायची ती ते नाव झाकायला.

कोणी म्हणेल, हॉलिवूडचा गुन्हेगार तर पहिल्याच रिळात कबुली देतो. देतो, पण कोणाला? ‘डबल इन्डेम्निटी’तला विमा एजंट वॉल्टर नेफ रात्री रिकाम्या ऑफिसात येतो आणि यंत्राला सांगतो. शहर झोपलेलं आहे.

आता ‘सामना’ लावा. जब्बार पटेल, १९७४, लेखन विजय तेंडुलकर. नुआरचं सगळं सामान हजर आहे. बाहेरून आलेला, दारूने खचलेला, आपलं काहीतरी जुनं दुखणं बाळगणारा शोधक म्हणजे श्रीराम लागूंचा मास्तर. त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेणारा गडगंज यजमान म्हणजे निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील. आणि नाहीसा झालेला मारुती कांबळे. ‘द माल्टीज फाल्कन’मधल्या हम्फ्री बोगार्टला मराठी येत असतं तर मास्तरची भूमिका त्याने मागून घेतली असती, आणि लागूंनी ती दिली नसती. फक्त अंधार काढून घेतलेला आहे. ऊस, कारखाना, जीपची धूळ, टळटळीत ऊन. मारुती कांबळेचं काय झालं हे गावात ठाऊक नसलेला माणूस एकच आहे, तो विचारणारा.

माझ्या मते गुन्हेपट बदलला तो इथे; रंगीत फिल्म स्वस्त झाल्यामुळे नाही.

तेंडुलकरांनीच पुढे ‘अर्धसत्य’ची (१९८३) पटकथा लिहिली, श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून. गोविंद निहलानींच्या या सिनेमात रामा शेट्टी काय चीज आहे हे पोलीस ठाण्यातल्या हवालदारापासून सगळ्यांना माहीत असतं. तो लपत नाही, निवडणूक लढवतो. सदाशिव अमरापूरकरांनी तो असा केला आहे, की त्याला आवाज चढवायचीही गरज पडत नाही. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकरला म्हणजे ओम पुरीला कसलाही छडा लावायचा नाही. सगळं माहीत असून रोज सकाळी ड्युटीवर जायचं, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित आहे, आणि तेच त्याला जमत नाही. फिलिप मार्लोपुढे हा प्रश्न कधी आलाच नाही. तो खासगी गुप्तहेर होता, त्याला वरिष्ठ नव्हते.

‘सत्या’त तर सत्या भाऊ नावाच्या पुढाऱ्याला मारतो तो विसर्जनाच्या दिवशी, समुद्रावरच्या अफाट गर्दीत. जुन्या सिनेमातला खुनी साक्षीदार नसेल अशी जागा शोधायचा. नव्याला साक्षीदार जितके जास्त तितकं निर्धास्त वाटतं.

तेव्हा कसोटी ही: गुन्हेगार कोण, हे गोष्टीतल्या किती लोकांना माहीत आहे ते बोटांवर मोजा. एका हातावर मावलं तर नुआर. माना मोजता मोजता थकलात तर नवा गुन्हेपट. श्रीराम राघवन यांच्या सिनेमांवर ही कसोटी लावून बघा, मजा येते. ‘जॉनी गद्दार’ (२००७) रंगीत आहे, मोबाइल फोन आहेत, पण गद्दार कोण हे आपल्याला माहीत आणि त्याच्या साथीदारांना नाही. म्हणजे वयाने तरुण, वळणाने जुना. सिनेमा विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला आहे, त्यामुळे बापाचं नाव शोधायचेही कष्ट नाहीत.

क्षेत्रभेट

इथे नवी मुंबईच्या विद्यार्थ्याची पंचाईत होते. नुआरला बोळ लागतो. वाडी, चाळीचा जिना, गोदीमागची भिंत, असं काहीतरी. आपलं शहर बोळ न ठेवता आखलेलं. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नोड आणि सेक्टरांत वाटला गेला.

पाठलागाची कल्पना करून बघा. संशयित वाशीच्या सेक्टर १७ मधून गाडी काढतो आणि पाम बीच मार्गाला लागतो. रस्ता रुंद, सरळ, दोन्हीकडे मोकळा. लपायला झाड नाही, आणि वेग मोजणारे कॅमेरे आहेत. बेलापूरला पोहोचेपर्यंत त्याला फार तर ई-चलान येईल. पायी पळाला तर सिडकोच्या एकसारख्या इमारतींत शिरेल, आणि दहा मिनिटांनी मागच्या इन्स्पेक्टरलाच विचारेल, ‘साहेब, बी-दहा इकडेच का हो?’ एपीएमसीत पहाटे तीनला ट्रकांच्या रांगांत थोडं वातावरण मिळतं खरं, पण तिथे कोणाला गूढ वागायला सवड नसते.

मात्र सेक्टरातून सरळ चाललेला रस्ता कुठेतरी एकाएकी वाकडा होतो, अरुंद होतो, घरं अंगावर येतात. तिथे थांबा. तिथे गावठाण सुरू झालं. अशा ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं आहे.

पुढच्या परिच्छेदात विनोद नाही. मार्गदर्शिकांत असं चालतं. भात पिकवणाऱ्या, मीठ काढणाऱ्या आणि खाडीवर जगणाऱ्या आगरी-कोळी लोकांच्या जमिनी शहरासाठी संपादित झाल्या. मोबदल्यावरून लढा उभा राहिला. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण गेले. त्या लढ्यातून विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मूळ मालकाला देण्याची योजना आली. ‘साडेबारा टक्के’ हे शब्द तुम्ही इस्टेट एजंटाच्या पाटीवर रोज वाचता, ते तिथून आलेले आहेत.

आता ‘चायनाटाउन’ (१९७४, ‘सामना’चंच साल) पुन्हा बघा. रंगीत, उन्हातला, आणि खुनाचा तपास करता करता हाताला लागतो तो पाण्याचा आणि जमिनीचा व्यवहार; वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावावर खोरंच्या खोरं घेऊन ठेवलेलं. त्यानंतर प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) बघा. पुण्याच्या कडेचा शेतकरी जमीन विकतो, पैसा उडतो, बाप विकलेल्याच जमिनीवर वॉचमन होतो आणि पोरगा पिस्तूल धरतो. सलमान खानने तो हिंदीत ‘अंतिम’ नावाने आणला, तिथे शरीरयष्टी वाढली आणि जमीन थोडी कमी झाली. पनवेल-उरणकडच्या प्रेक्षकाला मूळ सिनेमा समजावून सांगावा लागत नाही.

तेव्हा नवी मुंबईत नुआर शोधायचा असेल तर रात्री फिरू नका, कुत्री मागे लागतात. सकाळी अकरा ते पाच, कार्यालयीन वेळेत, ट्यूबलाइटच्या उजेडात शोधा. सामान असं: सातबाऱ्यावरचा ‘इतर अधिकार’ हा रकाना, मुखत्यारपत्र, दुबईतला चुलतभाऊ, आणि मयत वारस, ज्याची सही मात्र ताजी आहे. यातली घातकी बाई म्हणजे हक्कसोडपत्रावर सही न करणारी आत्या. सगळं घर तिच्या नावाने बोटं मोडत असतं आणि तिचं म्हणणं बहुधा बरोबर असतं. पटकथाकार असाल तर या आत्याला सोडू नका.

शेवट कसा बघावा

अमेरिकेत १९३४ पासून प्रॉडक्शन कोडचा बडगा होता: पडद्यावर गुन्हा केला तर पडद्यावरच फेडायचा. त्यामुळे जुन्या नुआरचा शेवट ठाऊक असतो, तो कसा गाठला ते बघायचं. आपल्याकडे दयाळूपणा जास्त. ‘बाजी’चा मदन थोडकी शिक्षा भोगून सुटतो आणि डॉक्टरीणबाई वाट बघत असते. ‘माणूस’मधल्या मैनेला ही सवलत मिळाली नव्हती, पण ती बाई होती.

वेलणकर रामा शेट्टीला मारतो आणि स्वतःच्या पायाने ठाण्यात येतो. ‘अंधाधुन’चा नायक शेवटी वाटेतला डबा काठीने अचूक उडवतो, त्यावरून फिल्म क्लबात दोन तट पडतील. त्यात शिरू नका, निदान पार्किंगचा वाद मिटेपर्यंत. वेब मालिकांना शेवट नसतो, दुसरा सीझन असतो. तो कधी येणार हे विचारणाऱ्याला नवशिका समजावं.

राहिला लिफ्टमधला शेजारी. त्याने सिनेमा अर्ध्यावर सोडलेला असतो आणि सातव्या मजल्यापर्यंत त्याला एकच गोष्ट हवी असते: शेवटी कोणी मारलं? सिनेमा नुआर असेल तर सांगू नका, म्हणजे तो उरलेला अर्धा आज रात्री बघेल. नवा गुन्हेपट असेल तर खुशाल सांगा. तो म्हणेल, ‘ते हो माहितीये, पुढे काय झालं?’ तोवर सातवा मजला आलेला असतो.